शिवायला टाकलेले फोन

—नाही हो, आतच आहेत त्या. ट्रायल रूममध्ये. वेळ लागतो, बायकांचं असंच असतं, एक हुक लागला की दुसरा निघतो. तुम्ही बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडका आहे, इकडे बसा, कापडं सरकवा बाजूला. आईंना घ्यायला आलात होय? गाडी घेऊन? वा. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. पण त्या इथे आहेत हे कळलं कसं तुम्हाला? — हां, फोनमध्ये. बघू? खरंच की, हा बोळ, हे माझं दुकान, आणि हा हिरवा ठिपका म्हणजे आई. काय एकेक सोयी निघाल्यात. म्हणजे आई कुठे आहेस हे आता आईला विचारायलाही नको. — अहो, पडद्याजवळ जाऊन हाका नका मारू. कपडे बदलतायत त्या. आपली आई असली तरी बाईमाणूस आहे, एवढं तरी पाळायचं. पाय? पाय दिसत नाहीत खाली? मग स्टुलावर चढल्या असतील. मीच सांगते चढायला, आरसा अर्ध्यात संपतो ना, खालची दुमड दिसत नाही. दोन मिनिटं थांबा.

फोन कशाला लावताय, दोन पावलांवर तर आहेत त्या. — वाजतोय तो? तो माझा. ड्रॉवरमध्ये पडलाय, वाजू दे, हातात काम असताना मी उचलत नाही. — तुम्ही बंद केलात आणि तो थांबला, हा योगायोग. होतात असे. — परत लावलात. परत वाजला. बरं. — हो, पाखराचा आवाज आहे, किलबिल. तुम्हीच लावून दिलात का आईंना? छान आहे. आता तिसऱ्यांदा नका लावू, कळलं मला. टेबल थरथरतं, सुई हलते.

बस. आता 'तू'च म्हणते तुला, तुझ्या आईच्याच वयाची आहे मी, आणि पकडली गेल्यावर 'अहो-जाहो' करायला जीभ वळत नाही. आत कुणी नाहीये. अस्तराच्या कापडाचं पोतं आहे, ते काही बोलणार नाही. तू धाकटा ना? मोठा दाढीवाला आहे ना, फोटो दाखवलाय तिने. मग तूच, ज्याने हे नकाशाचं बसवून दिलं. रागावू नकोस. तिने मला तुझ्याबद्दल वाईट काही सांगितलेलं नाही. म्हणाली, फार जीव आहे त्याचा माझ्यावर, फार. दोनदा म्हणाली 'फार'.

हा ड्रॉवर बघ. चार फोन आहेत आत्ता. यात पूर्वी मी बटणं ठेवायचे. मग एकदा एक बाई पँटची उंची कमी करायला आली आणि फोन इथेच विसरून गेली. तासाभराने आली धापा टाकत, मी म्हटलं आता ही रडणार, माझ्या अंगावर येणार. तर उभी राहिली, फोनकडे बघितलं आणि मला म्हणाली, बाई, पुढच्या आठवड्यात परत विसरू का? — हस, हस, मीही हसले होते. म्हटलं, विसरा. तिने बहिणीला सांगितलं असेल, बहिणीने जावेला. मी पाटी नाही लावली हो कुठे. माझा नियम एकच, नुसता फोन ठेवून घेत नाही, सोबत शिवायला काहीतरी हवं. उद्या घरच्यांनी विचारलं, काय केलंस तिथे तासभर, तर दाखवायला टाका हवा. तुझी आई एक निळा ड्रेस आणते. एका बुधवारी मी त्याची घडी खाली सोडते, पुढच्या बुधवारी वर घेते. वर, खाली, वर, खाली. कापड विरलंय आता तिथे. तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं, निळा ड्रेस कधी गुडघ्याला असतो, कधी पोटरीला? नाही ना? ठिपका सगळे बघतात, ड्रेस कुणी बघत नाही.

आणि मी विचारत नाही. एक अक्षर विचारत नाही कुणाला, कुठे जाता, कुणाला भेटता. माणसाचं काहीतरी त्याचं स्वतःचं असावं की नको? आमचे हे म्हणायचे, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. यायला हवे होते आत्ता बघायला. हा काळा फोन बँकेतल्या साहेबांचा. बायको दर अर्ध्या तासाला बघते, जेवले का, निघाले का. इथे फोन ठेवतात, सोबत एक कोट, आणि परत येतात ते ओले केस घेऊन. पोहायला शिकतायत. पन्नाशी उलटल्यावर. बायको म्हणाली होती, तुमच्या पोटाला शोभेल का ते. आणि हा गुलाबी कव्हरचा, ही नव्यानेच लग्न झालेली, ती तर कुठेच जात नाही. मागे गाठोड्यांवर झोपते. सासू मायाळू आहे हो, खोलीचं दार लावलं की बाहेरून विचारते, बरं वाटत नाहीये का. म्हणून इथे येऊन — अरे देवा. हे तुला कशाला सांगतेय मी. ओळखतोस का त्या बँकवाल्यांना? तुझं खातं कुठे आहे? — नाही, नको सांगूस, मला नकोच माहिती. तू काही ऐकलं नाहीस.

तुझ्या आईचं मात्र कळत नाही मला. खरं सांगते. केस ओले नसतात, हातात पिशवी नसते, चपलेला माती नसते. रडलेलीही नसते, तसं मी नीट बघते. एकदा मी न राहवून — एकदाच — म्हटलं, आज लांब गेला होता वाटतं. तर म्हणाली, कुठे नाही हो. हसून म्हणाली. खरंच कुठे जात नसेल का? नुसती एका रस्त्याने जाऊन दुसऱ्या रस्त्याने येत असेल? का कुणी — नाही, तू असं बघू नकोस माझ्याकडे, या वयात काय असायचंय, आणि असलं तर असलं. तुझ्या पोटात दुखायचं कारण नाही.

कळतं रे. कळतं मला, तू काय म्हणतोयस ते. तुझ्या वडिलांचं तिनेच सांगितलं मला, इथे बसून, तुझ्या जागेवर. सकाळी फिरायला गेले, फोन घरी चार्जिंगला, बसस्टॉपपाशी कोसळले. लोकांनी हॉस्पिटलात नेलं, पण नाव कुणाला माहीत? दिवसभर ते तिथे बिननावाचे आणि ही घरात ताट झाकून बसलेली. असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. त्यानंतर तू ते नकाशाचं बसवलंस, मीही बसवलं असतं, तुझ्या जागी कुणीही बसवलं असतं. तिनेही हूं का चूं केलं नाही. कसं करणार? ज्या पोराचा बाप असा गेला, त्याला 'मला बघू नकोस' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मग ती मला येऊन सांगते, बाई, ड्रेसची घडी जरा सोडता का. हे तुला बोचतंय, दिसतंय मला. बोचू दे.

आणि तिला काही झालं तर? — ओरडू नकोस, बाहेर ऐकू जातं. मला काय दगड समजतोस? ती गेली की मी सुईत दोरा ओवते आणि डोळा दाराकडे. ती येईपर्यंत एक टाका सरळ पडत नाही माझा, तो ड्रेस बघ, उगाच नाही वाकडा शिवलेला. म्हणून मी — हे तू तिला सांगायचं नाहीस. शपथ घे. तिच्या पर्सचं अस्तर फाटलं होतं, मी म्हटलं द्या, लगेच शिवून देते. शिवलं. आणि आत कापडाची पट्टी घातली, माझ्या दुकानाचा नंबर, तुझ्या घरचा नंबर, वर तिचं नाव. अस्तराच्या आत. उद्या कुणाला पर्स उचकटायची वेळ आली तर हाताला लागेल. तिला माहीत नाही. म्हणजे झालं काय, मी तुझ्यासारखीच निघाले. फक्त माझा ठिपका दोऱ्याने शिवलाय, एवढाच फरक. तिला कळलं तर ती माझ्याकडेही यायची बंद होईल, आणि बरोबरच आहे तिचं.

माझा? माझा फोन हा काय, मशीनवर, सगळ्यांना दिसेल असा. माझा ठिपका कुणाच्याच नकाशावर नाही. लेक आहे ना, परदेशात. फोन करते, नुसता सणावारीच असं नाही म्हणणार मी, महिन्याआड करते. एकदा मीच म्हटलं, अगं ते लोकेशन का काय ते तुझ्याकडे दिसेल असं करून दे ना. तर म्हणाली, आई, तुझी प्रायव्हसी आहे, मी कशाला त्यात नाक खुपसू. शिकलेली आहे. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. मग फोन ठेवला आणि दिवसभर ही मशीन बडवली. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत माझा सगळा वेळ माझा खाजगी आहे, काय करू त्याचं? गिऱ्हाइकांचे ठिपके सांभाळते झालं. जाऊ दे. तुला पाणी देऊ?

ऐक आता. तू तिला विचारणार आहेस, तुझ्या तोंडावर लिहिलंय. प्रेमाने विचारशील, हात हातात घेऊन विचारशील, आई, मला सांगितलं असतंस तर मी काय नाही म्हटलं असतं का. अगदी असंच म्हणशील. तू नाही म्हटलं नसतंसच. स्वतः गाडीने सोडलं असतंस तिला, कुठे सोडू सांग म्हणाला असतास. आणि ती म्हणेल, कुठे नाही रे, अशीच. पुढच्या बुधवारी ती येणार नाही. निळा ड्रेस जिथे असेल तिथे राहील. तिच्याकडे दुसरं काही नाही, हा तास सोडून. घर तुमचं, नातवंडं तुमची, दुखणीसुद्धा तुम्ही डॉक्टरला तिच्याआधी सांगता, ती नुसती बाजूला बसते. हा एवढा तास आहे, तो काढून घेऊ नकोस. मी हात जोडत नाही कुणापुढे, पण तुझ्यापुढे जोडते.

उठलास? — बघ, कोपऱ्यावर. ती बघ, औषधाच्या दुकानापाशी, रस्ता ओलांडायला थांबलीय. तूही बघितलंस. आता पुरे, फिर इकडे, पाठ कर काचेला. कुठल्या बाजूने आली, कशी चालतेय, हसतेय का, ते तुझं नाही. मीही बघत नाहीये, हे बघ, मी दोरा ओवतेय. तुझा ठिपका? तो नाही दिसायचा तिला, ती तो नकाशा कधी उघडतच नाही. मी विचारलं होतं. म्हणाली, पोरं मोठी झालीत, त्यांना कशाला बघत बसू. पण फोन हातात घेतला की तुझे दोन मिस कॉल दिसतील तिला. संध्याकाळी विचारेल, का रे केला होतास. म्हण, चुकून लागला. — जमेल. आईशी खोटं बोलता येत नाही म्हणतोस, मग शीक, तिला तुझ्याशी बोलायला शिकावंच लागलं ना.

मागचं दार उघडंच आहे. गाठोड्यांवरून जपून जा, ती पोरगी झोपलीय, आवाज करू नकोस. आणि गाडी दुसऱ्या गल्लीत लाव, ही गाडी ती लांबून ओळखते. — काय बघतोस? जा ना आता. आली ती.