अण्णांच्या मांडीवरची चंपी

आमच्या चंपीचं सांगतो. पाथर्डीहून ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी या कुत्रीचा पंजा काचेनं चिरला. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घालून पट्टी बांधली आणि बजावलं, "माती लागू देऊ नका, चाटू देऊ नका." आईनं पट्टीवरून दुधाची रिकामी पिशवी बांधली.

सकाळी ट्रक भरला, तर मुकादम म्हणाला, "कुत्रं ऱ्हाऊ द्या घरी. जागा न्हाई."

माझे वडील, म्हणजे अण्णा, चंपीला कधी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. तेच म्हणाले, "माझ्या मांडीवर बसंल ती. मंग झालं?"

वाटेत ती सारखी पट्टीला तोंड लावायला बघायची. शेवटी अण्णांनी तिचा पंजा दोन्ही हातांत झाकून धरला, तशी ती शांत झाली.

कारखान्यावर पोचलो. सगळे उतरले, पण अण्णा काही उठेनात. त्यांच्या पायांना मुंग्या येऊन दोन्ही पाय बधिर झाले होते.

आई वैतागली, "जरा पाय तरी हलवायचे हुते तुमी."

अण्णा हळूच म्हणाले, "झोपली हुती ना ती."