वाया जाणारं पाणी

महं माहेर अंकुशनगरच्या जवळचं. बाप कारखान्यावर कामाला व्हता, आई दुसऱ्याच्या उसात खुरपायची, आन् शेजारून कालवा, म्हणून पाण्याला आम्ही कधी जपलंच न्हाई. मंग लगीन झालं आन् या गावात आले, तीर्थपुरीवरून जीप मिळती, तर इथं पहिल्याच दिवशी सासू म्हणली, चंद्रकला, तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला ठेव, आंघोळीचं पाणी पाट काढून वांग्याला जाऊ दे, सांडू नको. गोदावरी काही लई दूर न्हाई, पण आमचं गाव खडकावर. काय सांगू ताई तुम्हाला, इथं पाणी वाया घालवणाऱ्या बाईला समदा गाव नावं ठेवतो. तीस वर्षं झाली मला येऊन, ते अंगात मुरलं, आन् त्याच्यानंच घात झाला.

आमच्याकडं पाणी दोन. एक आड, जुना, खालच्या गल्लीत, त्याचं पाणी गोड, पण संक्रांत झाली की तळ दिसायचा. दुसरा बोअर, लई खोल, त्याला बारा महिने पाणी, पण त्या पाण्यानं लेकरांचे दात पिवळे पडायचे आन् म्हाताऱ्यांचे गुडघे धरायचे. शाळेत डॉक्टर आल्ते, ते म्हणले या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाये, हाडात जाऊन बसतं, उकळून जात न्हाई, फडक्यानं गाळून जात न्हाई. मंग प्यावं काय माणसानं? तर सात वर्षांमागं फिल्टरची मशीन आली. बोअरचं पाणी एकीकडून आत घ्यायचं आन् दुसरीकडून फ्लोराइड काढून द्यायचं. कार्ड लावलं की नळ सुटतो. मशीन आमच्या बचत गटाकडं दिली आन् गटानं मला बसवलं, कारण मी दहावी नापास असले तरी बटणं जल्दी शिकले. जालन्याहून फिटर आल्ता, दोन दिवस शिकवून गेला.

आता हे नीट ऐका, कारण समदं इथंच हाये. मशीन एक हंडा चांगलं पाणी देती, तर एक हंडा दुसऱ्या पाइपातून बाहेर फेकती. म्या इचारलं, भाऊ, हे काय? तो म्हणला, मावशी, ते वेस्टेज, गटारीत जाऊ द्या. आन् गेला. वेस्टेज! नितळ पाणी हो, काचेवानी, दिवसभर गटारीत वाहायचं आन् मी तिथंच खुर्चीवर बसलेली. मह्या जिवाला लागायचं. येणारी जाणारी बाई म्हणायची, चंद्रकले, पाप लागंल. मंग ग्रामसभेत मीच उठले, कोणी सांगितलं न्हाई मला, मीच म्हणले, आड खालीच हाये, ढाळ बी बराबर हाये, पाइप आडात सोडा ना. सरपंच म्हणले, बाईचं डोकं बघा. आठ दिवसांत पाइप टाकला. त्या साली चैतात आड भरलेला. चैतात! बायकांनी आडाची पूजा केली, नारळ फोडला, मला साडी-चोळी दिली, तालुक्याचे साहेब येऊन बघून गेले, फोटो काढला. एवढी शिकलेली माणसं आली ताई, पण हे पाणी आडात कामून सोडलं असं एकानं बी इचारलं न्हाई.

मही मोठी जाऊ, द्वारकाक्का. वाटण्या झाल्या तरी आमची भिंत एकच. तिला फिल्टरचं पाणी आवडायचं न्हाई, म्हणायची त्याला चवच न्हाई, घोटभर प्यालं की परत तहान. ती आडाचंच प्यायची. आडाच्या पाण्याची चव थोडी बदलली व्हती, मी म्हणले बी, पण ती म्हणली, चंद्रे, तू आड भरून दिला, आता मी त्याच्या चवीला नावं ठेवू व्हय. तिची नात ईश्वरी, आन् महा नातू, दोघं एकाच महिन्यातले, एकाच अंगणात वाढले. महा नातू फिल्टरचं प्यायचा, ईश्वरी आडाचं. चौथं वरीस सरलं तसे पोरीचे गुडघे एकमेकाला लागायला लागले. पळायला गेली की पडायची. घनसावंगीला दवाखान्यात नेलं तर कमजोरी म्हणून औषधाची बाटली दिली. मंग नवे दात आले समोरचे, ते डाग घेऊनच आले. मी रोज बघायची, आन् म्हणायची, अक्का, पोरीला दूध जास्त देत जा. आता ते आठवलं की महीच मला लाज वाटती.

मंग मागच्या साली घनसावंगीला आम्हा बायकांना पाणी तपासायचं शिकवलं. एक पेटी दिली, तिच्यात बारक्या बाटल्या आन् रंगाचं कार्ड. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, गुलाबी राह्यलं तर चांगलं, पिवळं झालं तर फ्लोराइड. घरी आले आन् हौसेनं तिन्ही पाणी मांडून बसले. फिल्टरचं गुलाबी. बोअरचं पिवळट, ते तर ठाऊकच व्हतं. आडाचं टाकलं तर बोअरपेक्षा पिवळं. म्या म्हणलं, बाटली धुतली नसंल. धुतली, परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा पाणी आणायला आडावर गेले, आन् पोहरा सोडला तर समोर महाच पाइप, धो धो पडून राह्यलेला. तव्हा डोक्यात उजेड पडला. मशीन फ्लोराइड मारीत न्हाई ताई. चांगल्या हंड्यातून काढती आन् दुसऱ्या हंड्यात घालती. तो दुसरा हंडा सहा वर्षं म्या आडात ओतला. बोअरपेक्षा दुप्पट वाईट पाणी, गावातल्या एकुलत्या एका गोड आडात, मह्या हातानं.

फिटरला फोन लावला तर तो म्हणला, मावशी, ते आडात सोडायला तुम्हाला कोणी सांगितलं? बरोबर हाये त्याचं. कोणीच सांगितलं न्हाई.

पाइप त्याच दिवशी काढला. पण तोंड न्हाई उघडलं, ते काही लपवणार न्हाई तुमच्यापासून. पाइप फुटला म्हणून सांगितलं. मला वाटलं पाणी आटंल, लोक आपोआप फिल्टरवर येतील, कोणाला कळायचं न्हाई. आड खाली जायला लागला तसं गल्लीतले लोक पाइप परत जोडा म्हणून बोलायला लागले. आन् एक दिवस भर दुपारी अक्का मशीनपाशी आली, ईश्वरीला कडेवर घेऊन, एवढी मोठी पोर कडेवर, कारण उन्हात तिला चालवत नव्हतं. पदर पसरला हो मह्यापुढं. धाकटी मी, आन् तिनं पदर पसरला. म्हणली, चंद्रे, तू दिलेलं पाणी तू कामून तोडलं? मह्यासाठी नको, या पोरीसाठी तो पाइप जोड.

मंग सांगावंच लागलं. समदं सांगितलं, पहिल्यापासून. अक्का खाली बसली. एवढंच म्हणली, म्या तर तुझं नाव घेऊन पाजलं गं तिला.

ग्रामसभेत बी सांगितलं नंतर. काही जण म्हणले तुझी काय चूक, काही जण साडी-चोळीची आठवण काढून गेले. आड तीनदा उपसला, पाऊस झाला, नवं पाणी आलं, तपासलं, तरी पिवळंच. जालन्याच्या हाडाच्या डॉक्टरनं सांगितलं, पाणी चांगलं ठेवा, वाढीचं वय हाये, पाय थोडे सुधरतील, पण वचन देत न्हाई. दात काही सुधरणार न्हाईत.

आता साहेब म्हणतेत अजून नवी मशीन येणार, तिच्यात पांढरे दाणे असतेत, ते फ्लोराइड धरून ठेवतेत, पाणी फेकायचं काम न्हाई. म्या इचारलं, साहेब, मंग ते दाणे भरले की कुठं टाकायचे? म्हणले, त्याचं बघू. आन् जुनी मशीन तर चालूच हाये, तिचं पाणी परत गटारीत, गटार ओढ्यात, ओढा शेवटी गोदावरीतच जातो. बंद करावी तर प्यावं काय, चालू ठेवावी तर ते सोडावं कुठं. रोज बटण दाबते आन् रोज हेच डोक्यात.

अक्कासाठी रोज फिल्टरचा कॅन भरून तिच्या ओट्यावर ठेवायची. ती तो अंगणात ओतून द्यायची. या गावात, भरलेला कॅन! कोणी एका शब्दानं बोललं न्हाई तिला. मी दुसऱ्या दिवशी परत ठेवायची. लई दिवस असं चाललं. मंग एका सकाळी ती दारात तांब्या घेऊन बसलेली दिसली. कॅन ठेवला तर तांब्या मह्यापुढं धरला आन् म्हणली, आधी तू पी.

तव्हापासून रोज तसंच. मी पिते, समदा तांब्या पिते, ती मह्या तोंडाकडं बघत राह्यती, आन् मंग पोरीला भरून देती. ईश्वरी डागाचे दात दाखवून हासती आन् म्हणती, चंद्रा आज्जी, उद्या बी येशील ना? येते बाई म्हणते. देवानं तिचे पाय सरळ करावे, पाहिजे तर महे घ्यावे. दुसरं काही मागायला मला तोंड न्हाई.