पेशंट मीच आहे

...आणि वर तो काउंटरवरचा माणूस मान वर न करता मला सांगतो, "पेशंटला आत बसवा, तुम्ही बाहेर थांबा." तुम्हाला सांगतो, वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय, समोरून ट्रक आला तरी माझा आवाज चढत नाही, पण तिथे पंधरा बायका माझ्याकडे बघतायत आणि मी आपला फॉर्मची घडी घालतोय, उलगडतोय. शेवटी म्हटलं, "पेशंट मीच आहे." त्याने फॉर्म पाहिला, मला पाहिलं, परत फॉर्म पाहिला. फॉर्मवर विचारलंय, शेवटची पाळी कधी आली? आता काय लिहू मी? बायको म्हणाली, आडवी रेघ मारा. मारली.

झालं होतं काय, की शिकवताना मी शेजारच्या सीटवर, पट्टा छातीवरून गेलेला, आणि एका शिकाऊ बाईंनी असा कचकन ब्रेक दाबला की डाव्या बोंडाखाली कळच आली. चाचपून बघतो तर गाठ. वाटाण्याएवढी, कडक. मग मी काय केलं? काही नाही. तीन आठवडे गप्प. पुरुषाला कुठे असलं काही होतं, असं स्वतःलाच समजावत होतो, आणि रोज अंघोळीला गेलो की चाचपत होतो. बायकोने एकदा पाहिलं. म्हणाली, "छाती आहे ना? मग गाठही येते." आणि सरळ ब्रेस्ट क्लिनिकला फोन लावून नंबर घेतला.

तर तिथे बसलो. शेजारच्या मावशींची दोनदा सुईची तपासणी झालेली, त्यांनी मला आपल्यातच घेतलं. सुई कशी असते, किती दुखतं, सगळं सांगितलं, वर खट्ट आवाज होतो तेव्हा दचकू नका म्हणाल्या. तेवढ्यात आतून नर्स आली, "सोनोग्राफीचा पेशंट कुठंय?" मी उठायच्या आत सगळ्या बायका एका सुरात, "हेच पेशंट आहेत."

सोनोग्राफी झाली, मग डॉक्टरीण बाईंनी कागद पुढे ओढला. म्हणाल्या, तीन रस्ते आहेत. एक बारीक सुई, तिच्यातून नुसत्या पेशी ओढायच्या, काम झटपट, पण तेवढ्यावरून नक्की कळेलच असं नाही, परत यावं लागू शकतं. दुसरी जाड सुई, जागा बधिर करायची, सोनोग्राफीत बघत बघत पेन्सिलीच्या शिशाएवढे तुकडे काढायचे. तिसरं, छोटं ऑपरेशन करून अख्खी गाठच काढायची आणि तपासायची. मी ताबडतोब म्हटलं, तिसरं करा, एकदाच काय ते. तर म्हणाल्या, "काढायची गरज आहे का, तेच तर बघायचंय. गोळ्यांनी जाणारी निघाली तर टाके फुकट घेतलेत की." बरं, मग पहिलं? बारीक सुई मला पटली होती. तर नाही, गाठ भरीव आहे, तुकडा लागेल. म्हणजे रस्ते तीन, आणि जायचं मधल्यानेच!

मग मी हळूच विचारलं, आमचा गॅरेजवाला म्हणतो सुई लावली की आजार पसरतो... बाई हसल्या नाहीत हं. "सुईच्या भीतीने लोक घरी बसतात, नुकसान त्याने होतं. तुमची गाठ किती दिवसांची?" मी छताकडे बघायला लागलो. बायको म्हणाली, "तीन आठवडे."

"कॅन्सर असेल का?" हे मीच विचारलं, पण आवाज माझा वाटला नाही.

"पुरुषांत कमी होतो. पण होतो. म्हणून अंदाज नको, तपासू."

तेव्हा बायकोने माझं कोपर धरलं. लोकांसमोर माझा हात तिने कधी धरल्याचं मला आठवत नाही.

सुईच्या खोलीत नवीन मुलगी. "काका, पेशंटला पाठवा ना." म्हटलं, बाळ, पेशंट मीच. खट्ट. खट्ट. चार वेळा. बधिर केल्यावर दुखलं असं नाही, पण दचकलो चारही वेळा.

मग रिपोर्टचे पाच दिवस. एका शिकाऊने लाल सिग्नल तोडला आणि मी म्हटलं, छान. माझं लक्षच कुठे होतं!

रिपोर्ट आला. साधी निघाली. रक्तदाबाची एक गोळी घेत होतो ना, तिने म्हणे काही पुरुषांची छातीतली ग्रंथी सुजते. गोळी बदलली. बायको बाहेर बाकावर बसून रडली आणि मग घर येईपर्यंत त्या तीन आठवड्यांचा हिशेब मागत राहिली.

आणि आता तिनेच गावभर केलंय. ज्याला त्याला सांगते, ह्यांना विचारा, ह्यांना सगळं माहितीय. काल एक रिटायर्ड हेडमास्तर गाडी शिकायला आले. दहा मिनिटं झाली नाहीत, भर चौकात स्टिअरिंग सोडून शर्टाची बटणं काढायला लागले. काय करणार? म्हटलं, सर, दाखवा, पण आधी गाडी बाजूला घेऊ.