दुव्वाडा कागदावर नव्हतं

(रायपूर, गुढियारी. सकाळचे साडेसात. मारोती घरच्या फोनवर, शारदा गाडीत.)

मारोती: बोब्बिली गेलं का नाही, एवढंच विचारून राहिलो मी.

शारदा: गेलं असन. मी झोपली होती.

मारोती: झोपली होती? कागद दिला ना तुले? एकेक स्टेशन लिहून दिलं, आलं का खूण करायची म्हणून पेन दिला.

शारदा: पार्वतीपुरमपर्यंत केल्या खुणा. मग समोरच्या बाईनं इडली दिली, तर पेन कुठी तरी घरंगळला.

मारोती: इडली खाल्ली तू? गाडीत अनोळखी माणसानं दिलेलं?

शारदा: अवो, तीन पोट्ट्यांची माय आहे ते. त्याच डब्यातून ते बी खाऊन राहिली होती. अन् कालपासून हा तुमचा अकरावा फोन. तिले वाटून राहिलं, मी कोणी मोठी साहेबीण आहो.

मारोती: वाटू दे. बाहेर पाहा. किती लाइनी दिसतात?

शारदा: लाइनीच लाइनी आहेत.

मारोती: मग विजयनगरम येऊन राहिलं. तिथी हावड्याची मेन लाइन मिळते. उतरू नको. पाणी भरायले बी उतरू नको.

शारदा: पाणी कायले? तीन बाटल्या तुम्हीच भरून दिल्या. दोन अजून तशाच आहेत.

मारोती: त्याच्यानंतर कोत्तवलसा. अन् मग वाल्टेर.

शारदा: विशाखापट्टणम म्हणा ना. वाल्टेर म्हटलं तर त्या बाईले समजलंच नाही.

मारोती: तिले नसन समजलं. मी पूछताछीच्या खिडकीत बसलो तवा बोर्डावर वाल्टेरच लिहिलं होतं. तेहतीस वर्षं लोकाले सांगतलं म्या. स्टेशनचं नाव बदललं, स्टेशन थोडीच उचलून नेलं कोणी. उतरली का लेडीज वेटिंग रूम विचार. सामान क्लोक रूमले ठेव, पावती कमरेले खोस.

शारदा: तुम्ही कधी गेले तिथी?

मारोती: जायचं काय काम? सारं पाठ आहे.

शारदा: समुद्र बी पाठ आहे का?

मारोती: समुद्राचं टाइमटेबल नसते.

शारदा: अन् मले वेटिंग रूम कायले पाहिजे? पोरगा येऊन राहिला ना घ्यायले. नातीचे कान टोचायचे आहेत, चार दिवसांपासून तयारी चालू आहे त्यांची.

मारोती: येईन तर येईन. नाही आला तर वेटिंग रूम असावी माहीत.

शारदा: काहून नाही येणार? तुमच्यासारखा आहे का तो?

मारोती: झालं तुझं सुरू.

शारदा: सुरू म्या नाही केलं. पोरगा गेला त्याले सात वर्षं झाली. रायपूर राजधानी झालं, स्टेशनले रंग लागला, तुमच्या खिडकीत कॉम्प्युटर आला, तुम्ही रिटायर झाले. तुमचं तोंड मात्र तसंच बंद.

मारोती: रेल्वेची नोकरी हातात आली होती त्याच्या. ऑर्डर निघाली होती. साऱ्या दुनियेची पोट्टी नोकरी शोधत रायपूरले येऊन राहिली होती, अन् हा तिकडं बंदरावर क्रेन चालवाले चालला. चार माणसांत मान खाली गेली माझी.

शारदा: गेली असन. पण जायच्या दिवशी तो खिडकीवर आला होता ना तुमच्या? गाडीचा टाइम माहीत नव्हता का त्याले? पाळण्यात होता तवापासून टाइमटेबल ऐकलं त्यानं. तुम्हाले भेटायले आला होता तो.

मारोती: उत्तर दिलं म्या.

शारदा: काय दिलं? "दो नंबर, बीस मिनट लेट. बाजू हटिए, पीछे लाइन है." हिंदीत बोलले तुम्ही त्याच्याशी. घरात कधी एक शब्द हिंदी नाही बोलले, अन् त्या दिवशी पोटच्या पोराले खिडकीतली हिंदी.

मारोती: ड्यूटीवर होतो मी.

शारदा: हव. ड्यूटीवर. थांबा, टीटी काही सांगून राहिला.

मारोती: काय सांगून राहिला? शारदे. फोन त्याच्याजवळ दे.

शारदा: थांबा म्हटलं ना... तो म्हणते, विशाखापट्टणमच्या यार्डात काम चालू आहे. ही गाडी आज आत जाणारच नाही. बाहेरच्या बाहेर दुव्वाड्याले नेतीन. सगळ्यांनी तिथीच उतरायचं.

मारोती: बायपासनं काढून राहिले. तेच! वाल्टेरले गाडी आत गेली का इंजिन काढून मागच्या तोंडाले लावा लागते, तवा पुढं निघते. दुव्वाड्यावरून सरळ जाते. म्या किती खेपा सांगतलं लोकाले.

शारदा: मले नाही सांगतलं. तुमच्या कागदावर दुव्वाडा नाही.

मारोती: वाल्टेरच्या पुढचं म्या लिहिलंच नाही. तुले तिथवरच जायचं होतं ना.

शारदा: आता कसं करू? शेखर तिकडं मोठ्या स्टेशनवर उभा राहीन. मी इकडं. पेटी जड, अन् या गुडघ्यानं मले पुलाचा जिना चढवत नाही.

मारोती: त्याले फोन लाव. आत्ताच्या आत्ता.

शारदा: बॅटरीची एकच दांडी उरली.

मारोती: असं कसं? घड्याळ पाहून चार तास चार्जिंगले लावला होता म्या!

शारदा: अन् अकरा फोन कोणी केले? शेखरचा नंबर कॅलेंडरच्या मागं लिहिला आहे, पेन्सिलनं. तुम्ही लावा.

मारोती: बाजूच्या चारुदत्तले सांगतो. तो लावीन.

शारदा: चारुदत्तले दुव्वाडा समजावता समजावता गाडी जाऊन परत येईन. तुमच्याशिवाय कोणाले येते हे सांगता?

मारोती: शारदे, ऐक तर. माझ्यानं...

शारदा: गेली दांडी. हॅलो? आवाज नाही येऊन राहिला...

मारोती: हॅलो. शारदे. हॅलो?

\*

शेखर: हां, हॅलो. कौन?

मारोती: पूछताछ.

शेखर: ...हां. बोलिए.

मारोती: रायपुर से आने वाली गाड़ी आज विशाखापट्टनम नहीं आएगी. यार्ड में काम है. गाड़ी बाहर से दुव्वाडा जाएगी. जिनको लेना है, वो दुव्वाडा पहुँचें.

शेखर: जी.

मारोती: एस-फोर, सीट तेईस. एक महिला यात्री हैं. उमर बासठ, घुटने में तकलीफ. हरी साड़ी. एक पेटी, एक थैला. पेटी उनको उठाने मत देना.

शेखर: यात्रीचं नाव?

मारोती: शारदा मारोती उमाठे.

शेखर: उमाठे. माझं बी तेच आडनाव आहे.

मारोती: ...जल्दी निकलिए. सड़क से पौन घंटा लगेगा.

शेखर: मी दुव्वाड्यालेच उभा आहो, बाबा.

मारोती: काय?

शेखर: दुव्वाड्याले. अर्धा घंटा झाला. तुमची नात अनुश्री बी आहे सोबत.

मारोती: तुले कोणी सांगतलं?

शेखर: आईनं. पहाटेच फोन आलता तिचा. टीटीनं मागच्या रायगडा स्टेशनवरच सांगतलं होतं तिले. म्हणाली, बाबाचा फोन येईन, उचलजो. मधी बोलू नको, त्याले पूर्ण सांगू दे.

मारोती: पहाटे? अन् मले म्हणते टीटी आत्ता आला! दांडी गेली म्हणे. दांडी!

शेखर: दांड्या साऱ्या आहेत. हे पाहा, आत्ताच तिचा मिसकॉल आला. लागला का बाबाचा फोन, म्हणून असन.

मारोती: चाळीस वर्षं झाली लग्नाले. असं फसवलं नव्हतं बाईनं कधी. म्हणजे माझ्या फोनचं काही कामच नव्हतं.

शेखर: होतं, बाबा.

मारोती: काय काम होतं? तू तर आधीच उभा होता तिथी.

शेखर: त्या दिवशी मी गाडी विचारायले नव्हतो आलो.

मारोती: माहीत आहे. तू गेला अन् म्या खिडकीची फळी पाडली. तुझी गाडी सुटेपर्यंत पाडूनच ठेवली. बाहेरून लोकं ठोकून राहिले होते, शिव्या देऊन राहिले होते. तेहतीस वर्षांत तेवढा एकच मेमो भेटला मले. तुझ्या आईले आजवर नाही सांगतलं.

शेखर: मले वाटलं, तुम्ही वर मान करून पाहिलंच नाही.

मारोती: पाहिलं. निळा शर्ट होता. कॉलर उसवली होती.

शेखर: ...हव. उसवली होती.

मारोती: चुकलं माझं, शेखर. लई दिवसांपासून म्हणायचं होतं, पण सुरू कुठून करावं तेच समजत नव्हतं.

शेखर: झालं की आता सुरू. बरं ऐका ना, मले एक सांगा. ही आपली पोट्टी, स्टेशनवर आली का डोकं खाते. ही गाडी कुठी जाते, ते कुठी जाते, इंजिन इकडूनच काहून लावलं. मले काही येत नाही बा. क्रेनचं विचारलं असतं तर सांगतलं असतं.

मारोती: काहून नाही येत? घरात टाइमटेबलची पुस्तकं होती साऱ्या सालांची. आत्ता कोणती गाडी उभी आहे तिच्यासमोर?

शेखर: मालगाडी आहे. बरीच लांब. मघापासून डबे मोजून राहिली, अन् दर खेपी चुकते. तिलेच देऊ का फोन? पण आधीच सांगतो, तिचे प्रश्न संपत नाहीत.

मारोती: मराठी येते तिले?

शेखर: मोडकी येते. आईनं फोनवर शिकवली.

मारोती: दे मग. अन् तिले म्हण, सावकाश विचार. मागं लाइन नाही.