चौथा खांब

माझा हिशोब चुकला नव्हता, असं मला अजूनही वाटतं. पण तुम्हीच ठरवा. अठ्ठावन्न साली चामराजपेटेत माझ्या बहिणीचं, कमलचं लग्न होतं. मी गणिताचा लेक्चरर, म्हणून मांडवाचे चारही खांब मोगऱ्यानं सजवायचं काम हट्टानं मागून घेतलं. आपल्या कानडी मुलखात माळा मोळावर मिळतात, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापानं. मी माझ्या हातानं तीनदा मोजलं आणि ऐंशी मोळ सांगितले.

लग्नाच्या सकाळी तीन खांब झाले आणि माळा संपल्या.

फूलवाली अक्का माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. म्हणाली, "स्वामी, मोळ माझ्या हाताचा. फुलं मी विकते, तुम्ही नाही."

"आणखी आहेत का?"

"टोपली रिकामी."

मुहूर्ताला अर्धा तास होता. पण चौथा खांब उघडा ठेवणार नाही म्हणजे नाही! मी तिन्ही खांबांच्या माळा सोडल्या आणि विरळ वेढे देत चारही खांब पुन्हा गुंडाळले. शेवटची गाठ मारली तेव्हा भटजी अंतरपाट उलगडत होते.

पाटावर चढता चढता कमलनं चारी खांब न्याहाळले आणि हळूच म्हणाली, "अण्णा, बरं झालं, नवरा तू मोजून आणला नाहीस."