रविवारचा सामना

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. कुबड्या घेतलेली मुलगी आणि तिची आई.

“गुडघा कधी गेला, खरं सांग.”

“सांगितलं ना, गेल्या महिन्यात.”

“आठ महिने फोनवर तू बसूनच बोलतेस. घरात कधी एका जागी टेकली नाहीस. परदेशात फुटबॉल खेळायला गेलीस आणि बसायला शिकलीस होय?”

“आठ महिने झाले. क्लब ठेवतोय की काढतोय, तेच ठरेना. त्यात बाबा आजारी. कुठल्या तोंडानं सांगू?”

“मला तरी सांगायचंस.”

“तू सांगितलंस, बाबा इतके खंगलेत म्हणून? कधीही फोन केला की म्हणायचीस, झोपलेत. ते गेल्यावर कळलं मला.”

“तेच म्हणायचे, तिचा हंगाम चालू आहे, लक्ष उडेल तिचं.”

“कसला हंगाम, आई! मी मैदानातच नव्हते. रविवारी माझा सामना लाव म्हणाले, की काय करायचीस?”

“तुझा मागच्या वर्षीचा लावून द्यायचे.”

“दर रविवारी तोच?”

“तोच.”

“त्यांना कळलं नाही?”

“कोण जाणे. शेवटच्या रविवारी तू गोल मारायच्या आधीच उठून बसले.”