चकाकणारं पान

इलोइलोच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेत, लुदिविनाच्या पुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या. सासूच्या हातात नातवाच्या वाढदिवसाचा केक होता.

“आई, यात काय काय घातलंत?”

“तांदळाचं पीठ, अंडी, नारळाचं दूध. क्रिसांतोला गाईचं दूध चालत नाही, ठाऊक आहे मला.”

“मग खालचं केळीचं पान एवढं का चकाकतंय?”

“अगं, लोणी लावल्याशिवाय केक सुटतो होय?”

“लोणी? मागच्या वाढदिवशीही लावलं होतंत?”

“बोटभरच. आणि झालं काय? नुसत्या गांधी तर उठल्या.”

“तेव्हा तुम्ही डास चावले म्हणालात.”

“चल चल, बोट आली बघ.”

लुदिविनाने मान उंचावून पाहिलं. समुद्रात एकही बोट नव्हती.